आच्चु म्हटल्यानंतर

शामसुंदररावांनी ज्याचा फोटो काढलेला नाही असा माणूस कुंभकोणम् गावात शोधायला गेलात, तर तुमच्या चपला झिजतील. आणि त्यांनी काढलेल्या फोटोत हसणारा माणूस शोधायला गेलात, तर जन्म जाईल. शाळेचं ओळखपत्र असो, पासपोर्ट असो, नाहीतर मुलीचं स्थळ दाखवायचा फोटो असो, महामहम तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शिवकामी स्टुडिओत सगळ्यांना एकाच स्टुलावर बसावं लागे आणि तमिळमधल्या त्याच तीन आज्ञा ऐकाव्या लागत. मान वर, हनुवटी खाली, डोळे मिटायचे नाहीत. मग खटका. मग शामसुंदरराव म्हणत, "आच्चु." म्हणजे झालं, उठा आता. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. पहिलीत असताना त्या स्टुलावर बसलेली पोरं आता आपल्या पोरांना घेऊन येत, आणि दारातून आत आल्याबरोबर बापलेक दोघेही न सांगता हनुवटी खाली घेत.

घरात मात्र तमिळला मज्जाव. शामसुंदररावांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आले, ते परत गेलेच नाहीत. येताना जी मराठी बरोबर आणली तीच साडेतीनशे वर्षं घरात वापरली. अधूनमधून तमिळचं ठिगळ लागलं, पण अंगरखा तोच. ही भाषा चांगली आहे की वाईट, असा प्रश्न शामसुंदररावांना पन्नाशी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला पाच वर्षांपूर्वी. महाराष्ट्रातून देवदर्शनाला आलेली एक मंडळी कॅमेऱ्याचं कार्ड घ्यायला स्टुडिओत शिरली आणि आपापसांत मराठीत बोलू लागली. शामसुंदररावांना कोण आनंद झाला. "येवा, येवा, कोठून आलेत?" असं म्हणत त्यांनी स्वतः खुर्च्या पुसल्या. मंडळी आधी एकमेकांकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. "काका, परत एकदा बोला ना," असं म्हणून एकीने मोबाइल समोर धरला. वाईट माणसं नव्हती बिचारी, कौतुकानेच हसत होती. पण शामसुंदररावांना ते लागलं. त्यांनी कार्ड दिलं, पुढचं सगळं तमिळमध्ये बोलले आणि त्या दिवसापासून बाहेरच्या मराठी माणसापुढे तोंड उघडायचं नाही असं ठरवून टाकलं.

आता अशा माणसाला मराठी पॉडकास्टचं वेड लागावं, याला काय म्हणाल? दोष त्यांच्या मुलीचा, शिवरंजनीचा. ती चेन्नईला नोकरीला. बाबा दिवसभर मोठ्या आवाजात बातम्या लावतात अशी आईची तक्रार ऐकून तिने त्यांच्या फोनवर 'हलू नका' नावाचा कार्यक्रम लावून दिला आणि कानात घालायच्या गोळ्याही दिल्या. कोल्हापूरची कविता नावाची बाई तो चालवायची. दर शनिवारी एका फोटोग्राफरला गाठायचं आणि तासभर गप्पा मारायच्या. कुणी जत्रेतल्या पाळण्यांचे फोटो काढणारा, कुणी एका पक्ष्यासाठी तीन दिवस चिखलात बसलेला, कुणी लग्नांचे फोटो सोडून तान्ह्या बाळांची छायाचित्रं काढू लागलेली सोलापूरची बाई. ती बाई एकदा म्हणाली, "मला अजून स्वप्न पडतं की लग्न संपलंय आणि माझ्या कॅमेऱ्यात कार्डच नाहीये." शामसुंदरराव तेव्हा पासपोर्टचे फोटो कापत होते. त्यांची कात्री थांबली. "मजही पडतें," ते मोठ्याने म्हणाले. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला काही कळलं नाही.

चाळीस वर्षं धंदा केला, पण ज्याच्याशी या स्वप्नाबद्दल बोलावं असा माणूस त्यांना भेटला नव्हता. गावातले बाकीचे स्टुडिओवाले भेटत, पण त्यांचं बोलणं अल्बमच्या कव्हरापलीकडे जात नसे. इथे मात्र दर शनिवारी नवा माणूस भेटत होता आणि प्रत्येकाला तेच स्वप्न पडत होतं. खिडकीच्या उजेडावरचा एक भाग ऐकून शामसुंदररावांनी आतलं स्टूल उचलून दाराजवळ आणलं. शेजारच्या कॉफीवाल्या रंगाला वाटलं की दुकान खाली करताहेत.

कविताने पाहुण्यांचा आणि श्रोत्यांचा व्हॉट्सॅपवर एक गट केला होता. शामसुंदरराव त्यात गेले. नियम एवढाच की महिन्याला एक गृहपाठ मिळणार; फोटो पाठवायचा आणि त्याबरोबर आपल्या आवाजात मिनिटभर त्याची हकिकत सांगायची. लिहून चालणार नाही. लागोपाठ तीन गृहपाठ चुकले तर गटातून बाहेर, कारण नुसती ऐकणारी, तोंड न उघडणारी माणसं कविताला नको होती. बाई तोंडाने गोड, पण नियमाला पक्की. शामसुंदररावांनी पहिल्या दोन महिन्यांचे फोटो काढले, चांगले काढले, आणि पाठवले नाहीत. आवाज पाठवायचा म्हणजे ती येवा-येवाची मराठी पाठवायची. गटातली दीडशे माणसं हसतील. तिसरा गृहपाठ आला तेव्हा कविताने नाव घेऊन विचारलं, "कुंभकोणम्‌चे काका, या वेळी ऐकवणार ना?" आता पाठवलं नाही तर दार बंद होणार होतं, आणि ते बंद झालं तर आपल्याला फार एकटं वाटेल हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यात गृहपाठ असा की आपला फोटो काढला जातोय हे ज्याला ठाऊक नाही, अशा माणसाचा चेहरा.

यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही शामसुंदरराव नाही म्हणून म्हणाल. पहिल्या सकाळी ते कॅमेरा घेऊन कॉफीच्या दुकानाशी उभे राहिले. रंगा पितळी डबऱ्यातून कॉफी हातभर उंचावरून ओतत होता, चेहऱ्यावर वाफ, सुंदर दृश्य. कॅमेरा वर गेला मात्र, रंगाने कॉफी अर्धवट ठेवली, मान वर केली आणि हनुवटी खाली घेतली. बाकावर बसलेल्या चारही गिऱ्हाइकांनी तेच केलं. दुसऱ्या दिवशी विड्याच्या पानांचा बाजार. पानवाले ओळीने ताठ झाले. तिसऱ्या दिवशी देवळातला हत्ती. हत्तीला तरी पासपोर्ट लागत नाही, असा त्यांचा हिशेब. पण कॅमेरा दिसल्यावर सोंड वर करायची, हे माहुताने त्याला शिकवून ठेवलं होतं. सोंड वर करून तो पापणी न हलवता उभा राहिला. शामसुंदररावांनी कपाळाला हात लावला.

मग ते बसने साक्कोट्टैला गेले. दक्षिणेला, जवळच, पण गाव वेगळं. तिथल्या जुन्या शिवालयाच्या ओवरीत एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून बसले होते आणि पायापाशी आलेल्या शेळीला काहीतरी समजावून सांगत होते. शेळीही ऐकत होती. गृहस्थांचं लक्ष नव्हतं, ऊन तिरपं होतं, सगळं जुळून आलं होतं. शामसुंदररावांनी श्वास रोखला, बोट बटणावर ठेवलं, आणि त्यांच्याच तोंडातून खणखणीत आवाजात निघालं, "मान वर, हनुवटी खाली, डोळे मिटायचे नाहीत."

म्हातारबुवा ताठ झाले. शेळी पळाली.

"शिवकामी स्टुडिओ ना?" गृहस्थ हनुवटी खाली ठेवूनच म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नात तुम्हीच होतात."

परतीच्या बसमध्ये शामसुंदररावांची मान खरोखरच खाली होती. गावाला काय नावं ठेवायची? चोर आपल्याच तोंडात बसला होता. बोट बटणावर गेलं की जीभ आपोआप चालते, हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. घरी येऊन त्यांनी सुब्बलक्ष्मीला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. "मग तोंडात पान घालून काढा फोटो," ती म्हणाली. त्यांनी तेही करून पाहिलं. नव्या सदऱ्यावर डाग पडला, एवढंच.

गृहपाठाला दोन दिवस उरले असताना समोरची फुलवाली सुंदरी स्टुडिओत आली. कसल्याशा सरकारी कार्डासाठी तिला फोटो हवा होता. बाई दिवसभर रस्त्यावर मोठमोठ्याने बोलणारी, पण स्टुलावर बसली आणि देवळाच्या दारातला द्वारपाल झाली. मान वर, हनुवटी खाली. खटका.

"आच्चु," शामसुंदरराव म्हणाले, आणि त्याच वेळी वीज गेली. एरवी या क्षणी त्यांची नजर कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर असायची, फोटो नीट आला का बघायला. त्याआधी, फिल्मच्या काळात, पुढच्या फोटोसाठी रीळ फिरवण्यात असायची. आज दिवा गेल्यामुळे त्यांनी मान वर केली आणि ते समोर बघत राहिले. सुंदरीने कोंडलेला श्वास सोडला. खांदे पडले. चपलेतून पाय बाहेर आले. आपण कशा बसलो होतो हे आठवून तिचं तिलाच हसू आलं आणि दाराच्या उजेडात तिच्या चेहऱ्यावर सबंध सुंदरी येऊन बसली. शामसुंदरराव थक्क झाले. ही अशी दिसते? आणि चाळीस वर्षं ज्या ज्या माणसाला आपण आच्चु म्हटलं, तो प्रत्येक माणूस त्यानंतर असा दिसला असेल, आणि आपण तेव्हा खाली बघत होतो?

"अक्का, परत बस," ते म्हणाले.

तीन आज्ञा झाल्या. खटका झाला. आच्चु झालं. पण या वेळी बोट बटणावरून हललं नाही आणि नजरही हलली नाही. सुंदरीने श्वास सोडला आणि दुसरा खटका झाला.

फोटो त्यांनी तिला दाखवला आणि दूरच्या लोकांना पाठवू का, असं विचारलं. सुंदरी बराच वेळ बघत राहिली. "पाठव की," ती म्हणाली. "पण मला कार्डावरही हाच लाव." दात दिसणारा फोटो कार्डावर चालत नाही हे तिला पटवता पटवता शामसुंदररावांच्या नाकी नऊ आले.

फोटो मिळाला, आता आवाज. यावर त्यांचा उपाय तयार होता. पॉडकास्ट ऐकता ऐकता त्यांनी कोल्हापूर-पुण्याकडचे शब्द एका वहीत टिपून ठेवले होते, तेही तमिळ लिपीत, कारण हात तीच लिपी लिहायचा. 'खरं तर', 'एकूणच', 'अप्रतिम'. आंघोळ करताना ते 'एकूणच, एकूणच' असं घोकत, तेव्हा सुब्बलक्ष्मी दाराशी येऊन विचारी, "कोणाशी बोलताहेत?" या शब्दांची जुळणी करून त्यांनी मिनिटभराची हकिकत लिहिली, अकरा वेळा वाचली आणि बाराव्या वेळी पाठवली. आच्चुची सगळी गंमत त्यात होती, पण ऐकायला जिल्हाधिकाऱ्यांच्या भाषणासारखी.

तरी फोटो होताच तसा. गटात सगळ्यांना आवडला. सोलापूरच्या बाईने लिहिलं की आज मी एका बाळाच्या आजीला 'आच्चु' म्हटलं, तिला अर्थ कळला नाही पण श्वास सोडला. दोन दिवसांत अर्धा गट आच्चु म्हणू लागला. आणि कविताचा निरोप आला, पुढच्या शनिवारी पाहुणे तुम्हीच.

बुधवारी दुपारी अडीचला, स्टुडिओ बंद असतो त्या वेळात, बोलणं ठरलं. शामसुंदररावांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. "तुम्ही दिसणार नाहीं, नुसतें ऐकूं येणार," सुब्बलक्ष्मीने सांगून पाहिलं. ते स्टुलावर बसले. मांडीवर वही, समोर फोन, कानात गोळ्या.

"काका, फोटोग्राफीकडे कसे वळलात?"

"खरं तर प्रकाशचित्रण ही एकूणच एक अप्रतिम साधना आहे," शामसुंदररावांनी वाचलं.

पुढचा प्रश्न. त्याचंही उत्तर वहीत होतं. पाचव्या प्रश्नाचं नव्हतं, तेव्हा त्यांनी पहिलंच उत्तर पुन्हा दिलं. कविता हसली नाही. वीस मिनिटं ती धीराने विचारत राहिली आणि हे मान वर, हनुवटी खाली ठेवून साधनेबद्दल सांगत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आच्चु, काका. छान झालं."

शामसुंदररावांनी श्वास सोडला. वही बाजूला फेकली, गळ्याची दोन बटणं काढली. "अय्यो अम्मा, पाठ मोडली माझी," ते म्हणाले. "बापानें शिकवितांना मारलें तेव्हांही इतकें दुखलें नव्हतें."

"वडीलही फोटो काढायचे?" कविताने सहज विचारलं.

"मग? गोपालकृष्णराव म्हणजे येथला पहिला कॅमेरा. मी सोळा वर्षांचा होतों. म्हणाले, आज तूं काढ, आईचा काढ. मी अम्माला बसविलें, सगळें चोखट केलें, आणि खटका दाबतों तों ती वळली. चुलीवर दूध होतें."

"दूध नव्हे, कॉफी," दारातून सुब्बलक्ष्मी म्हणाली. "मामंजी नेहमीं कॉफी सांगत."

"बरें, कॉफी. तो फोटो हलला. तोंड अर्धें, पदर उडालेला. मज इतकी लाज वाटली. आणि बापानें काय करावें? तोच फोटो मोठा करून दुकानांत लाविला. मज वाटलें, चारचौघांत माझी थट्टा करतात. विचारलें तर म्हणाले, अरे, हीच तुझी आई. बाकीच्या फोटोंत कोण बसलीय मज ठाऊक नाहीं. कविताअम्मा, मी तेव्हांच ठरविलें कीं माझ्यापुढें कोणी हलणार नाहीं. चाळीस वर्षें कोणास हलूं दिलें नाहीं. आणि त्या फुलवालीनें श्वास सोडला तेव्हां मज कळलें बाप काय म्हणत होता. आता सांगावें तर तो नाहीं."

कविता थँक्यू काका म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, आवाज जरा पडलेला. "काका, रागवा मला. काल आच्चु म्हटल्यावर मी रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं. तुम्हीच शिकवलेलं तुमच्यावर वापरलं. दोन्ही भाग पाठवतेय. अजून कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकते, शपथ."

शामसुंदरराव रागावलेच. फसविलें, म्हणाले. चहा घेतला नाही, स्टुडिओत जाऊन दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसले. तीन आज्ञांच्या जागी पाच दिल्या. दुपारी घरी येऊन सदऱ्याची अर्धी बटणं काढून बसले, तेव्हा सुब्बलक्ष्मीने फोन हातात घेतला आणि काही न विचारता पहिला भाग लावला. अप्रतिम साधना खोलीभर घुमली.

"हा कोण?" ती म्हणाली.

मग तिने दुसरा लावला. अय्यो अम्मा, पाठ मोडली माझी. दोघं ऐकत राहिली. दुधाची कॉफी झाली, फोटो हलला, पदर उडाला. शामसुंदरराव फोनकडे टक लावून बघत होते. गोपालकृष्णराव जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांचे फोटो पेटीभर होते, आवाज कुठेच नव्हता. आणि आता तो आपल्याच तोंडून निघत होता, तोच हेल, तीच वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारी 'नाहीं'. सुब्बलक्ष्मीने पदर तोंडाला लावला. "मामंजी," ती म्हणाली.

"हसतील ग लोक," शामसुंदरराव म्हणाले. डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"हसूं देत. सुंदरीचा फोटो पाहून नाहीं हसले?"

शामसुंदररावांनी फोन घेतला, बटण दाबून धरलं आणि वहीशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा, बाहेरच्या मराठी माणसाला आपल्या बापाच्या मराठीत निरोप दिला. "कविताअम्मा, ठेव. पण पहिलेंही ठेव, काढूं नको. तो तसा बसला नसता, तर हा उठला असता कोठून? आच्चु."

आच्चु म्हटलं खरं, पण चाळीस वर्षांची सवय नुकतीच मोडली होती, आणि बोट बटणावर तसंच राहिलं. म्हणून निरोपाच्या शेवटी सुब्बलक्ष्मीचाही आवाज गेला. "चोखट बोलले. आता बटणें लावा नाहीं तर काढा, अर्धीं ठेवूं नका. उठा, जेवूं." आणि त्यावर शामसुंदररावांचं हसणं.

शनिवारी भाग आला. कविताने सगळं ठेवलं होतं, जेवायला बोलावण्यापर्यंत.